चोपण रानाला चुना नको, जिप्सम द्या

सभासद बंधूंनो, सामू 7 म्हणजे जमीन उदासीन; खाली आम्ल, वर विम्ल. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट! कोकणातल्या जांभ्या जमिनीतला चुना जोराच्या पावसाने धुपून जातो, म्हणून ती आम्ल. तिथे चुना टाकला की आम्ल मरते. ते पाहून आपण चोपणात चुना टाकू नये. चोपणाचा सामू साधारण 8.5 च्या वर. त्यात चुनाही विम्लच. पैसे वाया जातील. जिप्सममधले कॅल्शियम मातीला चिकटलेले सोडियम सुटे करते. मात्र चर काढून चांगल्या पाण्याने ते बाहेर काढा, नाहीतर रानातच राहील. जिप्सम किती, ते माती परीक्षणावर ठरते. आधी नमुना द्या, मगच पोती आणा.