ना वायू, ना द्रव : पदार्थ वेगळे करण्याची एक रीत

झाडाचे पान हिरवे दिसते, म्हणून त्यात एकच रंगद्रव्य असावे असे सहज वाटते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेट यांनी हा समज दूर केला. खडूची बारीक पूड भरलेल्या काचेच्या उभ्या नळीत त्यांनी पानांचा अर्क ओतला व वरून द्रावक सोडला. जे द्रव्य पुडीस अधिक चिकटे ते मागे रेंगाळले, जे कमी चिकटे ते पुढे गेले, आणि हिरवे-पिवळे पट्टे अलग झाले. १९०६ साली त्यांनी या रीतीस 'क्रोमॅटोग्राफी', म्हणजे वर्णलेखन, असे नाव दिले.

पट्टे अरुंद राहिले तरच घटक स्वच्छ वेगळे होतात. ते पसरले की एकमेकांत मिसळतात. पट्टा अरुंद राखण्याची शक्ती हीच नळीची कार्यक्षमता होय. पट्टा का पसरतो, याची तीन कारणे व्हॅन डीम्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एका समीकरणात मांडली. पहिले, कणांमधील वाटा कमीअधिक लांबीच्या असतात. दुसरे, रेणू आपोआप मागेपुढे विखुरतात. प्रवाह मंद असता हे अधिक घडते. तिसरे, प्रवाहातून कणापर्यंत जाऊन परत येण्यास रेणूंना वेळ लागतो. प्रवाह वेगवान असता काही रेणू मागे पडतात. म्हणून प्रवाहाचा वेग बेताचाच ठेवावा लागतो.

मग काम जलद कसे व्हावे? वायूमध्ये रेणू चपळ असतात, परंतु जड पदार्थ त्यात विरघळत नाहीत. द्रवात ते विरघळतात, पण त्यांची गती मंद होते. या दोहोंमधील एक अवस्था आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचे तापमान ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक असला, तर वायू व द्रव हा भेदच उरत नाही. या वायूच्या अशा क्रांतिक बिंदूचा अभ्यास टॉमस अँड्र्यूज यांनी बेलफास्ट येथे करून १८६९ साली मांडला. या अतिक्रांतिक अवस्थेत पदार्थ विरघळविण्याची शक्ती बरीचशी द्रवासारखी असते, तर पातळपणा वायूकडे झुकणारा असतो. १९६२ साली अमेरिकेत क्लेस्पर, कॉर्विन व टर्नर यांनी अशाच अवस्थेतील प्रवाहाने पॉर्फिरिने, म्हणजे रक्तातील रंगद्रव्याच्या कुळातील संयुगे, वेगळी केली.

तथापि या गुणातच एक दोष दडलेला आहे. नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना दाब उतरतो. प्रवाह प्रसरण पावतो, विरळ होतो आणि थंडही होतो. बाहेरची उष्णता आत शिरली की नळीच्या कडेचे व मध्याचे तापमान सारखे राहत नाही. मग मधले व कडेचे रेणू वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि पट्टा विस्कटतो. क्रांतिक बिंदूजवळ हा दोष फार वाढतो. यावर उपाय असे : बाहेर पडण्याच्या टोकाशीही दाब क्रांतिक दाबाहून पुष्कळ वर ठेवावा आणि नळीभोवती उष्णतारोधक आवरण घालावे. कण बारीक घेतले तर पट्टा अरुंद होतो, मात्र दाबातील उतार वाढतो. म्हणून दोहोंचा मेळ घालावा लागतो.

पाण्यात सहज विरघळणारे पदार्थ निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइडला दाद देत नाहीत. त्यात थोडे मिथेनॉल मिसळल्याने काही अंशी काम भागते. याच्या उलट वाट ओहायो राज्य विद्यापीठातील सुसान ओलेसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ च्या सुमारास चोखाळली. मिथेनॉल व पाणी यांच्या मिश्रणातच त्यांनी दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड विरघळविला. मिश्रण द्रवच राहते, त्याची विरघळविण्याची शक्ती बरीचशी टिकते, आणि ते अधिक पातळ झाल्याने रेणू चपळ होतात. यास वर्धित प्रवाहितेची रीत म्हणतात.

याचा उपयोग काय? उजवा व डावा हात आरशातील प्रतिबिंबासारखे असतात, तसे काही औषधांचे रेणूही जोडीने तयार होतात. त्यांपैकी एक गुणकारी, तर दुसरा निरुपयोगी किंवा अपायकारकही असू शकतो. त्यांना वेगळे करण्यास औषधनिर्मितीत ही रीत आज वापरली जाते. दाब काढताच कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो व घातक द्रावकांचा अपव्यय टळतो. रुग्णाच्या हाती शुद्ध औषध पडावे, यासाठी पट्टा केसभर अरुंद करण्याची ही खटपट आहे.