अनोळख्याचे ऋण

विषय

भिक्षेस निघालेल्या साधकाच्या झोळीत पडणारा घास बहुधा अपरिचित हाताचा असतो. देणारी माउली त्याचे नावगाव विचारीत नाही, आणि घेणारा उद्या त्याच दारी येईलच असेही नाही. मग या घासाची परतफेड कोठे व्हावी? हाच प्रश्न गृहस्थ वासनिकांपुढे वेगळ्या रूपाने उभा राहतो. वाटेवरच्या अनोळख्यास केलेले लहानसे साहाय्य त्याच्यापाशीच संपते की समाजात पुढे पसरते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली शिरला आणि स्वामींनी त्यास अभय दिले, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. आश्रयास आलेल्याची ओळख विचारावयाची नसते आणि त्याच्याकडून परतफेडही अपेक्षावयाची नसते, एवढे त्या लीळेवरून ध्यानी घ्यावे.

दृष्टान्त

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांवर आभाळ फाटले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी दक्षिणेस कुलाब्यात तो सुमारे ७३ मिलिमीटरच होता. त्यामुळे कचेऱ्यांतून घरी निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती. लोकलगाड्या थांबल्या, बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. कोणी अंधेरी-बोरिवलीकडे तर कोणी घाटकोपर-मुलुंडकडे, छातीभर पाण्यातून पायीच निघाले. त्या रात्री रस्त्याकडेच्या चाळींतील आणि झोपड्यांतील माणसे दोर धरून उभी राहिली. कोणी चहा-बिस्किटे दिली, कोणी कोरडे कपडे दिले, कोणी परक्या बायकामुलांना घरात निजावयास जागा दिली. सकाळी पाहुणे आपापल्या वाटेने गेले. पुष्कळांना यजमानाचे नावही ठाऊक नव्हते.

दार्ष्टान्तिक

शेजारणीकडून आणलेली साखरेची वाटी भरून परत जाते आणि व्यवहार तेथेच मिटतो. परंतु ज्याचे घर पुन्हा सापडणार नाही, त्याची वाटी कोठे परत करावी? ती तिसऱ्याच्या दारी द्यावी लागते. ओळखीच्या माणसाचे उपकार फिटतात. अनोळख्याचे ऋण फिटत नाही, म्हणूनच ते पुढे चालते. दयेचा प्रसार होतो तो या मार्गाने.

शंका

पूर ओसरला तशी दयाही ओसरली. चार दिवसांनी तीच माणसे लोकलच्या दारात एकमेकांना कोपराने ढकलीत होती. मग प्रसार झाला असे कसे म्हणावे?

समाधान

आक्षेप अंशतः खरा आहे. तथापि ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम मार्गावरील लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांची झोळी करून त्यांनी जखमींना बाहेर नेले. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा शहर तुंबले. गणेशोत्सवाचे दिवस होते. मंडळांनी अडकलेल्यांना जेवू घातले, गुरुद्वारांची दारे उघडली आणि अनेकांनी आपण होऊन ‘आमच्या घरी या’ असे कळविले. संकटात काय करावे याची एक रीतच पडून गेली होती.

संकट नसतानाही ही रीत दिसते. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी असते. चौथा येतो, ‘जरा सरकता का?’ म्हणतो आणि तिघे सरकतात. हा रेल्वेचा नियम नाही. केव्हा तरी कोणी तरी प्रथम सरकले असेल. ते दुसऱ्याने पाहिले, आणि आज तो लाखोंचा आचार झाला आहे. सरकणारा प्रत्येक जण कधी तरी स्वतः चौथा होता, हे विसरू नये.

दुसरी शंका

दया पसरते तसे भयही पसरते ना?

समाधान

पसरते, आणि वेगाने पसरते. त्याच प्रलयानंतर दोन दिवसांनी, २८ जुलै २००५ रोजी, जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. भय पसरावयास एक आरोळी पुरते. दया पसरावयास कोणा एकाला दोर धरून प्रत्यक्ष उभे राहावे लागते. म्हणून अशा वेळी आपल्या मुखातून काय बाहेर पडते आणि आपले हात काय करीत आहेत, या दोहोंचे उत्तरदायित्व प्रत्येकावर आहे.

आचार

पहिली गोष्ट, अनोळख्याचे साहाय्य संकोच न करता घ्यावे, पण ते ऋण म्हणून स्मरणात ठेवावे. दुसरी, आपण केलेले मात्र मोजू नये. मोजले की त्याचा व्यवहार होतो आणि तो आपल्यापाशीच थांबतो. तिसरी, पुराची वाट पाहू नये. रोजच्या बाकावर चार बोटे सरकण्याचा ज्याला सराव नाही, त्याचे दार प्रलयाच्या रात्री सहजी उघडणार नाही.

ही दया म्हणजे मोक्षाचे मोल नव्हे. तो परमेश्वराच्या कृपेचा विषय आहे. परंतु ज्याची झोळी अपरिचितांच्या घासाने भरते, त्याने अपरिचितास परके मानावे, हे त्या घासाला शोभत नाही.

दंडवत प्रणाम.