सैनिकाची आई आणि एक पॅरोल

(वसंतकाकांची बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या एका इमिग्रेशन वकिलाकडे फायली हाताळण्यात गेली. केतकी त्यांची पुतणी, तिथेच कॉलेजात शिकते.)

केतकी : काका, मैत्रिणीचा भाऊ मरीन्समध्ये भरती झालाय. वय १९, जन्म इथलाच. त्याची आई मात्र मेक्सिकोतून वाळवंट पार करून आलेली, तिच्याकडे कागदच नाहीत. आता तिला ग्रीन कार्ड मिळेलच ना?

काका : ‘मिळेलच’ म्हणू नकोस. मुलाच्या गणवेशाने आईला हक्क मिळत नाही. सरकारने मनावर घेतलं तर ‘पॅरोल इन प्लेस’ मिळतो, म्हणजे देश न सोडता इथेच राहायची तात्पुरती परवानगी. इथे राहून ग्रीन कार्ड घ्यायचं, तर सीमेवर अधिकाऱ्याने तपासून आत घेतलेलं असावं लागतं किंवा पॅरोल असावा लागतो. तिला तपासलंच नव्हतं. या पॅरोलने तेवढी एक अडचण सुटते. मुदत एक वर्षाची, पुढे वाढवून मागायची. कामाचा परवानाही मागता येतो.

केतकी : त्यापेक्षा मेक्सिकोत जाऊन रीतसर व्हिसा घेऊन यावं.

काका : तिथेच तर १९९६ चा कायदा आडवा येतो! वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, की १० वर्षं प्रवेश बंद. म्हणजे लपून राहील त्याला काही नाही, नियमाने जायला निघेल त्याला शिक्षा! माफीचा अर्ज आहे, पण त्यात नवऱ्याचे किंवा आईवडिलांचे हाल मोजतात, मुलाचे नाही. मुलगा देशासाठी मरायला तयार, आणि आईवाचून होणारे त्याचे हाल हिशेबात नाहीत! हे आयांना समजावताना माझी जीभ जड व्हायची.

केतकी : पण अर्ज करायचा म्हणजे आपलं नाव-पत्ता आपणच सरकारच्या हाती द्यायचा. नाकारला तर?

काका : येतो त्यावर. आधी हा पॅरोल कुठून आला ते ऐक. २००७ मध्ये अ‍ॅलेक्स जिमेनेझ हा सैनिक इराकमध्ये बेपत्ता झाला, आणि इकडे त्याच्या बायकोला देशाबाहेर घालवायची कारवाई चालू होती. ओरड झाली, तेव्हा गृहसुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी तिला राहू दिलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये लेखी धोरण आलं. त्यात बसतात सैनिकाचे जोडीदार, आईवडील, मुलं. सैनिक सेवेत असो, राखीव दलात असो, निवृत्त असो किंवा वारलेला असो. २०१९ च्या अखेरीस संरक्षण खर्चाच्या कायद्यात काँग्रेसनेही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेही, याला पाठिंबा दिला.

केतकी : भाऊ-बहीण?

काका : नाहीत. आणि सैन्यातून बेअब्रूने काढलेला असेल, तर कुणालाच नाही.

केतकी : पण २०२४ ची पॅरोलची योजना कोर्टाने रद्द केली ना?

काका : ती सगळ्याच नागरिकांच्या जोडीदारांसाठी होती, टेक्सासच्या फेडरल कोर्टाने नोव्हेंबरमध्ये रद्द केली. सैनिकांची वाट वेगळी. दोन्हींची गल्लत करून लोक घाबरून घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

केतकी : आपल्याकडचे, व्हिसा संपूनही राहिलेले?

काका : त्यांना विमानतळावर तपासूनच घेतलेलं असतं, म्हणून हा पॅरोल त्यांच्यासाठी नाही. मुलगा नागरिक आणि २१ वर्षांचा असला, तर आईवडील सहसा थेट अर्ज करू शकतात. या मुलाच्या आईला पॅरोल आत्ता मागता येईल. ग्रीन कार्डासाठी तो २१ चा होईपर्यंत थांबावं लागेल.

केतकी : म्हणजे दोन वर्षं तिचा पत्ता त्यांच्याकडे, आणि हातात वर्षावर्षाचा कागद! काका, पकडलं तर?

काका : पकडू शकतात. खोटं कशाला सांगू? जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात बागकाम करणाऱ्या एका बापाला पकडलं, त्याची तिन्ही मुलं मरीन. नाकारलेल्या अर्जातून कोर्टाची नोटीसही येऊ शकते. म्हणून भरायच्या आधी फाइल तपासायची. कधी अटक झाली होती का? हद्दपारीचा हुकूम? आणि सगळ्यात आधी, इथे वर्षभर राहून ती कधी मेक्सिकोला गेली आणि पुन्हा चोरून आली का? आईच्या मयताला म्हणून गेलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या. तसं असेल तर बंदी कायमची. १० वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीसुद्धा मागता येत नाही, आणि पॅरोलने ती बंदी पुसली जात नाही.

केतकी : आणि सगळं साफ असेल तर भरावा?

काका : मी असतो तर भरला असता. पण पत्ता तिचा आहे, तेव्हा ठरवायचं तिने, मुलाने नाही आणि तू तर नाहीच. या पॅरोलचा अर्ज भरताना सरकारी फी नाही, पण २०२५ च्या कायद्यामुळे पॅरोल मंजूर होताना फी लागू शकते, ती सरकारी नोटिशीतच बघायची. अर्ज भरतानाच कुणी ‘सरकारी फी’ म्हणून हजारो डॉलर मागितले, तर तिथून उठायचं. आणि पॅरोल मिळाल्यावर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पॅरोल संपला.

केतकी : मग चोरून परत आली होती का, ते आधी विचारते.

काका : तिला एकटीला विचार, मुलासमोर नको. आणि त्याला सांग, सेवेचा दाखला आणि आईचं नाव असलेला जन्मदाखला शोधून ठेव.