दानाचे मोल आणि आपला तराजू

महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीचा कृष्णाकाठ महापुरात बुडाला असताना त्याच जिल्ह्यातील जत तालुका टँकरवर तहान भागवत होता. माणसांना तोलताना मात्र आपण हे विसरतो. बागायतदाराशेजारी उभा केलेला जिरायती शेतकरी आपल्याला आळशी भासतो. मशिदीच्या वर्गणीत मोठ्या आकड्यापाठोपाठ वाचलेले शंभर रुपये क्षुल्लक वाटतात.

इमाम नसाई यांच्या संग्रहातील हदीसनुसार, एक दिरहम लाख दिरहमांहून वरचढ ठरल्याचे प्रेषित (स.) यांनी सांगितले. एकाने जवळच्या दोनपैकी एक दिला होता. दुसऱ्याने विपुल संपत्तीच्या एका बाजूने लाख उचलले होते. दानाचे मोल आकड्यावरून नव्हे, देणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरले. ज्यांची थट्टा केली जाते ते थट्टा करणाऱ्यांहून श्रेष्ठ असू शकतात, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्येही (४९:११) आहे.

म्हणून वर्गणीदारांची नावे वाचावीत, रकमा वाचू नयेत. कोणाविषयी मत बनवण्यापूर्वी त्याच्या विहिरीला पाणी किती, हे पाहावे. उरलेला हिशेब अल्लाह जाणतो.