नाविक मुलगा

नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे होतो. बारामती-इंदापूरच्या मुलांना समुद्र पाहावयाचा असेल, तर सह्याद्री ओलांडून जावे लागते. समुद्रापासून याहूनही कितीतरी दूर असलेल्या रावळपिंडी शहरी २१ जुलै १९३० रोजी आनंद बक्षी यांचा जन्म झाला. पुढे हिंदी चित्रपटांचे थोर गीतकार म्हणून कीर्ती पावलेल्या या पुरुषाने प्रथम चढविला, तो नौदलाचा गणवेश होय.

बालपणीच आई निवर्तली. मुलाला गाण्याचा छंद होता आणि मुंबईची ओढ होती. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते व नौदलास माणसे हवी होती. जहाजे मुंबईच्या बंदरास लागतात. तेव्हा नाविक झालो की मुंबई गाठता येईल, असा त्याचा भाबडा हिशेब होता. जुलै १९४४ मध्ये, वयाची चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो कराचीच्या ‘दिलावर’ या शिक्षणकेंद्रात दाखल झाला.

हिंदी नाविकांना निकृष्ट अन्न मिळे, वेतन इंग्रज नाविकांहून कमी असे आणि वर अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा ऐकावी लागे. अखेर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ केंद्रातील नाविकांनी अन्न नाकारले. पाहता पाहता ७८ जहाजे व सुमारे २०,००० नाविक या उठावात सामील झाले. कराचीत तर ‘हिंदुस्थान’ जहाजावर तोफा डागण्यात आल्या. राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस उठाव थांबला. परंतु शिक्षा टळल्या नाहीत. उठावात भाग घेतल्याबद्दल आनंदलाही एप्रिलमध्ये नौदलातून काढून टाकण्यात आले. तेव्हा त्याला सोळावे वर्ष चालू होते.

पुढल्याच वर्षी फाळणी झाली. घर सोडताना त्याने मौल्यवान वस्तूंऐवजी आईचे छायाचित्र बरोबर घेतले. पुढे तो भूसेनेत शिरला. गीतकार होण्यासाठी मुंबईस आला. परंतु निराश होऊन सेनेत परतला. १९५६ साली नोकरी सोडून तो पुन्हा मुंबईस आला. या खेपेसही धीर सुटत असता रेल्वेच्या एका तिकीट तपासनिसाने त्याला आपल्या घरी आसरा दिला. १९५८ साली भगवानदादांच्या ‘भला आदमी’ या चित्रपटात त्याची गीते आली आणि १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’ने त्याचे नाव घरोघरी पोहोचले. २००२ साली निधन होईपर्यंत त्यांनी तीन हजारांहून अधिक गीते रचली.

नौदलाच्या दप्तरी त्या मुलाच्या नावापुढे बडतर्फीची नोंद झाली. तोच उठाव आज स्वातंत्र्यलढ्याचे एक पर्व मानला जातो. ज्या मुंबईसाठी तो नाविक झाला, ती त्याला जहाजाने लाभली नाही, चिकाटीने लाभली.

प्रश्न :
१. आनंद नौदलात का गेला?
२. नाविकांनी उठाव का केला?
३. ‘बडतर्फीची नोंद’ ही अपमानाची म्हणावी की अभिमानाची? तुमचे मत सकारण लिहा.