उत्तरभाग : हवाही आणि नकोही

गोष्ट संपली की लहान मूल विचारते, ‘मग पुढे काय झाले?’ मोठी माणसे हा प्रश्न उघडपणे विचारीत नाहीत. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना तो त्यांच्याही मनात असतोच. या प्रश्नाच्या जोरावरच चित्रपटांचे दुसरे आणि तिसरे भाग निघतात. आवडत्या चित्रपटाचा पुढचा भाग येणार अशी बातमी कानावर आली की मला आनंद होतो आणि त्याच वेळी धास्तीही वाटते. या दोन भावना एकाच मनात एकत्र का नांदतात, आणि उत्तरभागाचे बरेवाईट कोणत्या कसोटीवर ठरवावे, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उत्तरभाग ही कल्पना पाश्चात्त्य चित्रपटांनी आपल्याला दिली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आपल्याकडे भवभूतीने आठव्या शतकाच्या सुमारास हे काम करून ठेवले आहे. ‘महावीरचरित’ या नाटकात त्याने रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत आणली आणि ‘उत्तररामचरित’ या नाटकात त्यापुढची कथा सांगितली. रसिकांनी अधिक मान दिला तो या दुसऱ्या नाटकाला. त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. नाटकाच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. ती पाहता पाहता सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते, आणि तिची हीच इच्छा पुढे तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. म्हणजे पूर्वभागातील प्रसंग येथे नुसते पुन्हा दाखविलेले नाहीत. त्यांच्या आठवणीतूनच नवे दुःख जन्माला येते. राज्याभिषेकाच्या गोड शेवटाची किंमत कोणी चुकती केली, असा प्रश्न भवभूतीने विचारला. गोड शेवटाचे काही देणे राहून गेलेले असते. चांगला उत्तरभाग ते देणे मागावयास येतो.

येथे पुनरावृत्ती आणि उत्तरभाग यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. आमच्या डिचोली-पेडणे भागात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. संकासुर येतो, त्याचे पारिपत्य होते, हे सर्वांना ठाऊक असते. तरी लोक दरवर्षी बसतात, आणि संकासुराचा दुसरा भाग काढा अशी मागणी आजवर कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही. तेच पुन्हा पाहण्यात एक आनंद आहे आणि न पाहिलेले पाहण्यात दुसरा. उत्तरभाग आपल्याला हे दोन्ही आनंद एकाच तिकिटात देण्याचे वचन देतो. पहिल्या भागासारखेच असेल, पण नवेही असेल! हे वचन पाळणे फार कठीण. आपल्या मनाची जी ओढाताण होते, तिचे मूळ मला येथे दिसते.

मराठीतील एक उदाहरण घेऊ. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० साली आला. एक मुलगा, एक मुलगी आणि पुण्यातला एक दिवस, एवढाच त्याचा पसारा. त्या दोघांना चित्रपटात नावेसुद्धा नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्या कोणत्याही तरुणाला तो मुलगा आपणच आहोत असे वाटू शके. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना गौतम आणि गौरी ही नावे मिळाली, घरची माणसे आली, लग्नाची गडबड आली. २०१८ च्या तिसऱ्या भागात प्रश्न आला तो आईबाप होण्याचा. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांना पुन्हा पाहून मला आनंद झाला, हे खरेच. पण नाव मिळताच तो मुलगा गौतम झाला आणि मी प्रेक्षक झालो. पहिल्या भागात माझ्यासाठी राखलेली एक जागा होती, ती दुसऱ्या भागात भरून गेली.

‘झपाटलेला’चे दुखणे वेगळे आहे. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. माझ्या पिढीने तो दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा पाहिला आहे की संवाद तोंडपाठ आहेत. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमिती तंत्रात आला. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू परत आला. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच आपल्यातून गेले होते. बाहुला राहिला आणि माणूस गेला! तंत्र कितीही पुढे गेले तरी ही उणीव ते भरून काढू शकत नाही. येथे दोष कोणाला द्यावा? कोणालाच नाही. काळाचे हे देणे कोणत्याही दिग्दर्शकाला फेडता येणारे नसते.

आता ज्या चित्रपटामुळे हा विषय मला सुचला, त्याकडे वळतो. ‘दृश्यम’ची मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटातील. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनी ती पी. वासू यांच्या ‘दृश्य’मध्ये (२०१४) रविचंद्रन यांच्या रूपाने पाहिली असेल. हिंदीत ती २०१५ साली आली, आणि आली ती थेट आमच्या गोव्यात. दिग्दर्शक होते ‘डोंबिवली फास्ट’ करणारे निशिकांत कामत. नायक विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला. चोरून काढलेल्या चित्रफितीच्या जोरावर त्याच्या मुलीला छळणारा एक मुलगा तिच्याच घरी झटापटीत मरतो. तो मुलगा पोलीस खात्यातील एका वरिष्ठ अधिकारी बाईंचा एकुलता एक. मग चित्रपट पाहून शहाणा झालेला हा बाप, २ ऑक्टोबरला आपण सहकुटुंब पणजीला सत्संगास गेलो होतो, असे सगळ्या गावाच्या तोंडून वदवून घेतो. प्रेत कोठे आहे, हे शेवटच्या क्षणी फक्त त्याला आणि आपल्याला कळते : नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली.

त्या शेवटाने मी भारून गेलो होतो. आमच्याच बाजूचे वाटावे असे आडनाव, ओळखीचा पाऊस, आणि एक साधा माणूस सत्तेला पुरून उरलेला! पण आजीने घरी तो चित्रपट पाहिला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पोरीचं रक्षण केलं, ते बरंच केलं. पण त्या दुसऱ्या बाईलाही पोर होतं ना रे? तिला त्याला अग्नी तरी देता आला का?” मला उत्तर सुचले नाही.

२०२० साली निशिकांत कामत यांचे निधन झाले. २०२२ साली अभिषेक पाठक यांच्या दिग्दर्शनाखाली हिंदीतील दुसरा भाग आला. कन्नड ‘दृश्य २’ त्याच्या आदल्याच वर्षी आला होता. वसतिगृहातील माझ्या खोलीतला सोबती धारवाडकडचा. त्याने कन्नड पाहिला, मी हिंदी. त्यावर आमचा जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, “ते ठाणं खणायलाच नको होतं. ते गुपित आपलं होतं. आता ते साऱ्यांचं झालं.” त्याचे म्हणणे मला पटते. शिवाय पहिल्या भागातील साधा केबलवाला दुसऱ्या भागात सात वर्षे पुढचे पाहणारा अचाट योजक होतो. साधेपणातच त्याचे सामर्थ्य होते. ते थोडे उणावले.

परंतु याच दुसऱ्या भागात आणखी काही आहे. मोठी मुलगी अंजू अजून त्या रात्रीतून बाहेर आलेली नाही. पोलिसांची चाहूल लागताच तिचे शरीर थरथरते. गावही पूर्वीसारखे विजयच्या बाजूने उरलेले नाही. आणि अखेरीस त्या मुलाच्या अस्थी त्याच्या आईबापांच्या हाती पडतात. आजीच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भागात नव्हते, ते येथे आहे. म्हणून कारागिरीच्या दृष्टीने मला पहिला भाग श्रेष्ठ वाटतो, पण न्यायाच्या दृष्टीने दुसऱ्याची गरज होती असे म्हणावे लागते. तिसऱ्या भागाची घोषणा २०२५ साली झाली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच : आता कोणाचे देणे राहिले आहे? कोणाचेच राहिले नसेल, तर मग हा भाग कशासाठी?

मी मये गावचा असल्यामुळेही कदाचित मला असे वाटत असेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. इतिहासाच्या पुस्तकात तेथे प्रकरण संपते. मयेत ते संपले नाही. पोर्तुगीज अमदानीत एका सरदार घराण्याला मिळालेली येथील जमीन मुक्तीनंतर देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ठरली आणि १९६४ च्या कायद्याने कस्टोडियनकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि कसणाऱ्या माणसांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावावर मात्र झाली नाही. हा प्रश्न सोडविण्यासाठी गोवा विधानसभेने २०१४ साली कायदा केला. मुक्तीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर! विजयाचा प्रसंग आणि त्याचा हिशेब यांत एवढे अंतर पडू शकते, हे आमच्या गावाला पाठ्यपुस्तकावाचून कळले आहे. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न तेथे केवळ करमणुकीचा राहत नाही.

तेव्हा, वाचकहो, उत्तरभागासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पूर्वभागात राहून गेलेले एखादे खरे देणे तो फेडतो काय? मधल्या वर्षांचा भार पात्रांच्या अंगावर दिसतो काय? आणि तो पाहिल्यानंतर पूर्वभाग पुन्हा पाहावासा वाटतो काय? तिन्हींना ‘होय’ असे उत्तर मिळाले तर तो उत्तरभाग भवभूतीच्या वाटेवरचा समजावा. एकही ‘होय’ नसेल, तर ती जुन्या नावाची पाटी लावलेली नवी दुकानदारी होय, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि केवळ जुनाच आनंद हवा असेल, तर त्याला सोपा उपाय आहे : पहिलाच चित्रपट पुन्हा लावावा. संकासुर दरवर्षी तोच असतो, म्हणून त्याची गोडी कमी झालेली नाही.