सीयोनवादी आणि अरब : एका भूमीच्या वादाचा इतिहास

शास्त्रवाचन : उत्पत्ती 25:7-10, 1 राजे 21:1-19

मध्यपूर्वेतून रक्तपाताची वार्ता आली की आपल्या मंडळ्यांतून एक स्पष्टीकरण हटकून ऐकावयास मिळते : हे इसहाक व इश्माएल यांचे भांडण असून ते चार हजार वर्षांपासून चालत आले आहे. हे स्पष्टीकरण सोपे आहे, परंतु तो इतिहास नव्हे. आणि शास्त्रही तसे म्हणत नाही. अब्राहामाला मक्पेलाच्या गुहेत मूठमाती देण्यास ते दोघे पुत्र एकत्र आले होते, हे आपण वाचतोच, पण विसरतो. 1492 साली स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने यहूद्यांना हाकलून दिले तेव्हा त्यांतील पुष्कळांना आश्रय मिळाला तो तुर्की सुलतानाच्या राज्यात. तेथे त्यांचा दर्जा बरोबरीचा नव्हता हे खरे. तरीही आज आपण ज्या वादाविषयी बोलतो तो जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याचा उगम युरोपात झाला.

1881 नंतर रशियाच्या साम्राज्यात यहूदी वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. 1894 साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड द्रेफस या निरपराध यहूदी सैनिकी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरविण्यात आले. छळ करणारे हे सर्व लोक बाप्तिस्मा घेतलेले होते, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी डोळ्यांआड करू नये. व्हिएन्नाचे पत्रकार थिओडोर हर्झल यांनी 1896 साली यहूद्यांच्या स्वतंत्र राष्ट्राची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे पहिली सीयोनवादी परिषद भरली आणि पॅलेस्टाईनमध्ये यहूदी लोकांसाठी कायद्याने सुरक्षित असे घर मिळविणे हे ध्येय ठरले. यालाच वर्तमानपत्रे झायोनिझम म्हणतात. ही चळवळ मुख्यतः राजकीय होती. तिचे अनेक पुढारी धर्माचरणी नव्हते, आणि पुष्कळ धर्मनिष्ठ रब्बींनी तिला विरोधच केला.

परंतु ती भूमी रिकामी नव्हती. 1899 च्या मार्च महिन्यात यरुशलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना एक पत्र लिहिले आणि ते हर्झल यांच्या हाती पोहोचले. या भूमीशी यहूद्यांचे ऐतिहासिक नाते आहे हे खालिदींनी मोकळेपणाने मान्य केले. यहूद्यांच्या यातनांविषयीही त्यांना सहानुभूती होती. तथापि तेथे लोक राहतात, ते आपले घर सोडणार नाहीत, म्हणून पॅलेस्टाईनला हात लावू नये, अशी त्यांची विनवणी होती. हर्झल यांनी सौजन्याने उत्तर दिले. यहूदी भांडवल व बुद्धी यांमुळे सर्वांचीच भरभराट होईल, रहिवाशांना घालवून देण्याचा विचार कोण करील, असा त्याचा आशय होता. पुढील पन्नास वर्षांचे सारे दुखणे या दोन पत्रांत दिसते. एक जण हक्काविषयी बोलत होता आणि दुसरा फायद्याविषयी.

प्रत्यक्ष संघर्ष सुरू झाला तो शेतजमिनीवरून. 1858 च्या तुर्की जमीन कायद्याने जमिनीची नोंद करणे आवश्यक झाले. कर आणि सैन्यभरती यांच्या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी आपले नाव लावलेच नाही, आणि विस्तीर्ण जमिनी शहरांतील धनिकांच्या नावे झाल्या. कसणारे पिढीजात शेतकरी कागदोपत्री केवळ कुळे उरले. इज्रेलच्या खोऱ्यातील मोठा भाग बैरूतच्या सुरसुक कुटुंबाकडे होता. हे कुटुंब अरब ख्रिस्ती, ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीचे. 1910 च्या सुमारास त्यांनी अल-फुला येथील जमीन यहूदी वसाहतीसाठी विकली, तेव्हा नासरेथचे तुर्की अधिकारी शुक्री अल-असली यांनी व्यवहार रोखण्याची खटपट केली. ती निष्फळ ठरली. 1920 नंतरच्या दशकात खोऱ्याचा फार मोठा भाग याच रीतीने विकला गेला. 1901 साली स्थापन झालेल्या यहूदी राष्ट्रीय निधीचा नियम असा की, घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही व ती यहूद्यांनीच कसावयाची. त्यामुळे मालक बदलला की कुळांनाही गाव सोडावे लागे.

इज्रेल म्हटले की आपल्याला नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. तुलना मात्र जपून केली पाहिजे. येथे खोटे साक्षीदार उभे केले गेले नव्हते. पुरती किंमत मोजली गेली होती आणि विकणारा राजीखुशीने विकत होता. परंतु वतन आणि विकाऊ माल यांतील जो भेद अहाबाला उमगला नाही, तोच बैरूतच्या सावकारांनाही उमगला नाही. आपल्याकडे कूळकायदा का करावा लागला हे जाणणाऱ्या वाचकाला अधिक सांगणे नको.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी एकाच प्रदेशाविषयी तीन वेगवेगळी बोलणी केली. मक्केच्या शरीफ हुसेनला 1915-16 च्या पत्रव्यवहारात अरब स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. 1916 मध्ये फ्रान्सशी गुप्तपणे वाटणी ठरविली. आणि 2 नोव्हेंबर 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्यात यहूदी लोकांच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला. त्या जाहीरनाम्यात तेथील बहुसंख्य अरबांचा उल्लेख नावाने नाही; 'यहूदी नसलेले समाज' एवढाच आहे. भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे स्वतः यहूदी असून त्यांनी या धोरणाला कसून विरोध केला, कारण त्यामुळे जगभरातील यहूदी आपापल्या देशात परके ठरतील असे त्यांना वाटे. 1922 च्या शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या साडेसात लाखांवर भरली. त्यात यहूदी सुमारे 84 हजार आणि ख्रिस्ती सुमारे 73 हजार होते.

पुढे हिंसा वाढत गेली. 1929 साली हेब्रोनमध्ये 67 यहूद्यांची कत्तल झाली. त्याच शहरात अनेक यहूदी कुटुंबांना अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरांत लपवून वाचविले. हिटलरच्या उदयानंतर यहूदी निर्वासितांचा ओघ वाढला, कारण इतर देशांची दारे बंद होत होती. 1936 ते 1939 या काळात अरबांनी उठाव केला आणि ब्रिटिशांनी तो निर्दयपणे मोडला. 1939 साली ब्रिटिशांनी यहूद्यांच्या प्रवेशावर कडक मर्यादा घातली, आणि ती घातली नेमकी युरोपात 60 लाख यहूद्यांचा संहार होऊ घातला होता त्या वेळी.

29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी संमत केला. भारताने विरोधी मत दिले. नुकतीच आपली फाळणी झाली होती. यहूद्यांनी ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. 14 मे 1948 रोजी इस्राएल राष्ट्र जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी अरब राष्ट्रांच्या सेना चालून आल्या. युद्धाअंती सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. अरब देशांतील प्राचीन यहूदी समाजही उखडले गेले. एकट्या इराकमधून 1950-51 मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार यहूदी विमानांनी इस्राएलला नेले गेले, आणि त्या मोहिमेला एज्रा व नहेम्या यांचे नाव दिले होते. आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवही तिकडे गेले, परंतु छळामुळे नव्हे.

त्यानंतरचा इतिहास वाचकांना बहुतांशी परिचित आहे : 1967 च्या युद्धात इस्राएलने घेतलेला पश्चिम किनारा व गाझा, 1993 चा ओस्लो करार, 1995 मध्ये एका यहूदी अतिरेक्याने केलेला पंतप्रधान राबिन यांचा खून, आत्मघातकी स्फोट, वाढत्या वसाहती. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे 1200 जणांना ठार मारले व 251 जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार, 60 हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले.

अरब म्हणजे मुसलमान, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी आपल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकणाऱ्यांत अरबही होते. सीयोनवादाविरुद्ध प्रथम लेखणी चालविणारी हैफाचे 'अल-कर्मिल' व याफाचे 'फिलस्तीन' ही पत्रे अरब ख्रिस्ती संपादकांची होती. गालीलातील इक्रित हे बहुतांशी ख्रिस्ती गाव. 1948 च्या शरद ऋतूत इस्राएली सैन्य आले तेव्हा गावाने प्रतिकार केला नाही. दोन आठवड्यांसाठी गाव सोडा, असे सैन्याने सांगितले आणि लोक निघाले. त्यांना परतू दिले गेले नाही, तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि जुलै 1951 मध्ये इस्राएलच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने गावातील घरे सुरुंगाने उडविली. चर्च तेवढे उभे राहिले. 2003 साली न्यायालयाने त्यांचा परतीचा अर्ज फेटाळला. इक्रितच्या लोकांना आपल्या गावात राहण्याची परवानगी नाही. चर्चजवळच्या दफनभूमीत आपले मृत पुरण्याची मात्र 1970 नंतरच्या दशकापासून आहे.